औषधाला दाद न देणारा क्षयरोग: घरी वजन कसे मोजावे, कसे वाचावे

हा उपचार कमीत कमी सहा महिने चालतो, काहींचा दीड वर्षाहून जास्त. तेवढ्या काळात घरच्यांना दिसणारी सर्वांत उपयोगी खूण म्हणजे रुग्णाचे वजन. मात्र ते दर वेळी एकाच पद्धतीने मोजायला हवे.

१. काटा फरशीवर ठेवा, चटईवर नको. पाच किलो तांदळाची बंद पिशवी हातात घेऊन आणि मग खाली ठेवून उभे राहा. फरक पाच किलोच यायला हवा.

२. दर पंधरा दिवसांनी सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा-पेज घेण्याआधी, हलक्या कपड्यांत वजन करा. आकडा तारखेसह वहीत लिहा आणि वही आरोग्य केंद्रात न्या.

३. वजन किलोत घेऊन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. ४५ किलो आणि १.६० मीटर असल्यास उत्तर १७.६, १८.५ च्या खाली म्हणजे कुपोषण. अशा रुग्णाचे पहिल्या दोन महिन्यांत निदान ५ टक्के, म्हणजे इथे सव्वादोन किलो, वाढावे. झारखंडमधल्या क्षयरुग्णांच्या अभ्यासात (२०२३) एवढ्या वाढीबरोबर मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला.

४. पाच किलो किंवा जास्त फरक पडला तर डॉक्टरांना लगेच सांगा. लांब उपचारातल्या काही गोळ्यांचा डोस वजनगटावर ठरतो (३० ते ४५ किलो, ४६ ते ७० किलो). डोस स्वतःहून बदलू नका.

५. वजन अचानक वाढले तर नडगीवर बोट दाबून पाहा. खळगा राहिला तर ती सूज आहे, अंगाला लागलेले अन्न नव्हे. घटले तर उलट्या, कावीळ, मधुमेह यांची तपासणी लागते. आणि हे पक्के ध्यानात ठेवा: वजन वाढले तरी थुंकीचे कल्चर (थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची तपासणी) चुकवायचे नाही. जंतू गेले की नाही ते कल्चरच सांगते.

६. उकड्या तांदळाच्या नुसत्या पेजेने वजन वाढत नाही. जोडीला बांगडा, तारले, अंडी, चणे, अळसांदे (चवळीसारखे कडधान्य) द्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा कडधान्ये आणि अंडी वाढवा. क्षयावरच्या औषधांपैकी मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन चालू असेल तर दूध, लोहाच्या गोळ्या आणि अँटासिड (आम्लपित्ताचे औषध) त्या गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा, किती तास ते डॉक्टरांना विचारा. लिनेझोलिड (हेही क्षयावरचे औषध) घेणाऱ्याला चोरिस (गोव्याचे मुरवलेले डुकराच्या मांसाचे सॉसेज) आणि मुरवलेले चीज देऊ नका, रक्तदाब चढू शकतो. फेणी पूर्ण बंद.

क्षयरुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. आले नसतील तर १८००-११-६६६६ वर विचारा.