नाटक, सिनेमा, मैफल: बेळगावातल्या शनिवार-रविवारची तयारी

बेळगावात एकाच शनिवार-रविवारी नाटक, मराठी सिनेमा आणि गाण्याची मैफल असा योग जुळून आला, तर तयारी नाटकाच्या तिकिटापासून सुरू करा. सिनेमाचे खेळ आठवडाभर असतात, मैफलीला वेळेआधी पोचलं की बहुधा जागा मिळते. मुंबईच्या नाटकाचा मात्र इथे बहुतेक वेळा एकच प्रयोग होतो. नेपथ्य, प्रकाशयोजनेचं सामान आणि सगळी मंडळी जवळपास 500 किलोमीटर प्रवास करून येतात. डिझेल, राहण्याचा खर्च, सभागृहाचं भाडं हे सगळं निघणार का, याचा अंदाज संयोजक आगाऊ तिकीटविक्रीवरूनच बांधतात. तेव्हा ‘ऐनवेळी बघू’ म्हणू नका आणि फुकट पाससाठी ओळखी शोधू नका. पुढचं नाटक बेळगावपर्यंत आणायचं की कोल्हापुरातूनच मागे फिरायचं, हे इथल्या भरलेल्या खुर्च्या ठरवतात. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर 1843 साली याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. त्या जिल्ह्यात मराठी नाटकाचा पडदा अर्ध्या रिकाम्या सभागृहापुढे उघडू नये, असं मला मनापासून वाटतं.

तिकीट काढताना आजी-आजोबांसाठी कडेची खुर्ची मागा, मध्यंतरात उठताना बरं पडतं. बाल्कनी स्वस्त असते, पण गुडघे दुखणाऱ्यांना जिना चढवू नका. लहान मुलांना प्रवेश आहे का, हे आधीच विचारा. तिकिटावरचं सभागृहाचं नावही नीट वाचा. लोकमान्य रंगमंदिर पुष्कळांच्या तोंडी अजून रिट्झच आहे, त्यामुळे पाहुण्यांना पत्ता सांगताना दोन्ही नावं सांगा. नेहरूनगरातलं कुमार गंधर्व रंगमंदिर वेगळं आणि बऱ्यापैकी लांब. तिसरी घंटा झाल्यावर रिक्षा शोधत फिरण्यात काही अर्थ नाही.

त्यानंतर लगेच परतीचं बघा. खानापूर, निपाणी, चंदगडकडून येणाऱ्यांच्या संध्याकाळचा विचका नाटकामुळे होत नाही, शेवटच्या बसमुळे होतो. दोन अंकी नाटक मध्यंतर धरून अडीच तासांच्या आसपास चालतं, आणि साडेआठचा प्रयोग वेळेवर सुरू झाला तरी अकरा वाजतात. शेवटची गाडी किती वाजता, हे बसस्थानकावर त्याच आठवड्यात विचारून घ्या, जुन्या माहितीवर विसंबू नका. गाडी मिळत नसेल तर गावातल्या चौघापाचजणांनी मिळून वाहन ठरवावं किंवा नातेवाइकांकडे मुक्कामाचं आधी कळवावं. शेवटचा प्रवेश चालू असताना घड्याळ बघत उठणं नटांनाही जाचतं आणि शेजारच्यालाही. कर्नाटकातल्या बायकांनी आधार कार्ड पर्समध्ये ठेवावं. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत तिथल्या राज्य परिवहनच्या साध्या बसमधून शून्य तिकिटावर प्रवास होतो, पण ओळखपत्र दाखवावं लागतं. शहरातल्या रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. शनिवार बाजाराचा दिवस, त्यामुळे गणपत गल्ली, मारुती गल्लीकडे चारचाकी घालू नका.

सिनेमाची तयारी थोडकीच. इथे मराठी चित्रपटाला पडदे कमी मिळतात, वेळाही बऱ्याचदा अडनिड्या. शुक्रवारी लागलेला मराठी सिनेमा पुढच्या शुक्रवारी असेलच याची खात्री धरू नका, पहिल्या तीन दिवसांतच बघा. खेळांच्या वेळा गुरुवारी रात्री पुन्हा तपासा. मुलं बरोबर असतील तर प्रमाणपत्र बघा: यूएमध्ये आता 7, 13 आणि 16 वर्षांवरील असे तीन गट आहेत, आणि ‘ए’ असेल तर अठराखालच्यांना प्रवेश नाही. शनिवारी दुपारी सिनेमा आणि रात्री नाटक असं करणार असाल तर मधे निदान दोन तास सोडा आणि पोटभर जेवून घ्या. मध्यंतरातल्या वड्यावर पूर्ण रात्र निघत नाही.

मैफलीसाठी मात्र झोप लागते. रविवारी सकाळी गाणं असेल तर शनिवारी नाटकानंतर हॉटेलात गप्पा मारत बसू नका. डोळे जड असले की विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गाणं, कानावरून नुसता वाहून जातो. सकाळच्या मैफलीत तोडी, ललत यांसारखे राग ऐकायला मिळण्याची शक्यता असते, संध्याकाळच्या मैफलींना जाणाऱ्यांच्या वाट्याला ते क्वचितच येतात. म्हणून आळस करू नका, पहिली सुरावट चुकवू नका. कुमार गंधर्वांचा जन्म 1924 साली इथून जवळच्या सुळेभावीत झाला आणि पंडित रामभाऊ विजापुरे यांनी याच शहरात पिढ्यांना पेटी शिकवली. त्यामुळे साथीदाराच्या हरकतीला, म्हणजे सुरांच्या छोट्या नक्षीला, दाद देणारे कान इथे अजून आहेत, आणि त्यांच्या शेजारी बसलं की आपलेही तयार होतात. पेटीवादक बहुधा गायकाच्या डाव्या हाताला, म्हणजे आपल्याला उजवीकडे बसतो. बोटं बघायची असतील तर त्या बाजूची खुर्ची धरा. भारतीय बैठक असेल तर सुटणारी चप्पल, सैल कपडे आणि पाठीचा त्रास असणाऱ्यांनी छोटी उशी न्यावी.

जुलै-ऑगस्टमध्ये छत्रीबरोबर एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवा, म्हणजे ओली छत्री दुसऱ्याच्या पायाशी टपकणार नाही. डिसेंबर-जानेवारीत शाल हवीच, रात्री बसस्थानकावर चांगलाच गारठा असतो. मोबाइलचा आवाज तर बंद कराच, पण पडद्याचा उजेडही मागच्या रांगेला त्रास देतो, म्हणून तो पूर्ण बंद करून पिशवीत टाका. घरच्यांना परतीची वेळ आधीच सांगून ठेवा. पाहुणे आले असतील तर कुंदा, ही इथली दुधाची मिठाई, रविवारी दुपारीच घेऊन ठेवा, मैफल संपेपर्यंत दुकानं उघडी असतीलच असं नाही.