वसंतात जेनोआला जाताय? या चुका टाळा

रात्रीचे साडेआठ वाजले होते, पाऊस नुकताच थांबला होता, हातात दोन जड बॅगा. दारावरचा क्रमांक १५, पत्त्यातलाही १५. पण समोर जाळीचं शटर ओढलेलं आणि त्यामागे बटणांचे डबे रचलेले. दुकान! आमची उतरायची जागा त्याच गल्लीत, पण बरीच वर होती. समोरचा १५ लाल रंगात होता, आम्हाला हवा होता काळा.

इटलीतल्या या बंदराच्या शहरात, जेनोआत, एकाच रस्त्यावर क्रमांकांच्या दोन रांगा चालतात. दुकानं, खानावळी यांना लाल क्रमांक, राहत्या इमारतींच्या दारांना काळे. पत्त्यात आकड्यानंतर बारीक ‘आर’ (r) असेल तर तो लाल, म्हणजे ‘रोस्सो’. भाड्याची खोली बहुधा राहत्या इमारतीत असते, म्हणून काळा आकडा शोधा. आणि बुकिंग करताना मजला कितवा, लिफ्ट आहे का, हे दोन प्रश्न विचाराच. आई-बाबा सोबत असतील तर नक्कीच.

नकाशावरचं अंतर खरं मानू नका

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. हे गाव समुद्र आणि डोंगर यांच्या चिंचोळ्या पट्टीत वसलंय, त्यामुळे ते आडवं कमी आणि उभं जास्त वाढलं. फोन म्हणतो चारशे मीटर, आणि प्रत्यक्षात समोर येतात सरळ वर जाणारे विटांचे चढ. इथले लोक त्यासाठी सार्वजनिक लिफ्ट वापरतात, बस पकडावी तशी. पोर्तेल्लो चौकातून कास्तेल्लेत्तो या वरच्या वस्तीला जाणारी लिफ्ट अजिबात चुकवू नका. वर गच्चीसारख्या सज्जावर आलात की राखाडी पाटीदगडांची छपरं, त्यांच्यापलीकडे बंदर, आणि उजव्या हाताला दूरवर लांतेर्ना. सध्याचं हे दीपगृह १५४३ मधलं, ७७ मीटर उंच. एवढं पाहिल्यावर खालच्या बोळांची दिशा डोक्यात बसते, म्हणून हे पहिल्याच सकाळी करा.

त्या बोळांना इथे ‘कारुज्जी’ म्हणतात. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील, आणि वर सहा-सात मजले. आकाशाची नुसती चीर दिसते, त्यामुळे फोनमधला निळा ठिपका वाट्टेल तिकडे उड्या मारतो. हरवलात तर उतार धरा. उतार बंदराकडेच नेतो. सोत्तोरीपाच्या जुन्या कमानींखाली तळलेल्या माशांचा वास आला की पोहोचलात. रात्री उशिरा मात्र प्रे रस्त्याच्या आसपासचे सुनसान बोळ टाळा आणि मोठ्या रस्त्यानं या.

सुट्ट्या न बघता तारखा ठरवणं

आपण मुलांच्या परीक्षा संपल्या की निघतो, म्हणजे एप्रिल-मे. नेमक्या त्याच दिवसांत तिथे ईस्टर, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा सोमवार, २५ एप्रिल आणि १ मे या सुट्ट्या येतात. गाड्या भरतात, किनाऱ्यावरच्या चिंक्वे तेर्रे या पाच गावांत तर पाय ठेवायला जागा नसते. गर्दीच्या दिवशी तिकडे जाऊ नका, गावातच राहा. २५ एप्रिलला या शहरात वेगळंच वजन असतं. १९४५ मध्ये त्याच संध्याकाळी इथल्या जर्मन सैन्यानं प्रतिकार चळवळीतल्या नागरिकांपुढे शरणागतीवर सही केली होती. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, तेही ध्यानात ठेवा.

मे महिन्यात जाणार असाल तर ‘रोल्ली डेज’च्या तारखा आधी बघा. तेव्हाच्या जेनोआ प्रजासत्ताकाकडे येणाऱ्या बड्या पाहुण्यांना उतरवण्यासाठी १५७६ मध्ये सरदारांच्या वाड्यांची अधिकृत यादी केली गेली होती, ‘रोल्ली’ म्हणजे या याद्या. त्यातले ४२ वाडे २००६ पासून युनेस्कोच्या वारशात आहेत. एरवी बंद असलेले काही वाडे त्या दिवसांत उघडतात आणि छतावरची चित्रं मान दुखेपर्यंत बघता येतात. नावनोंदणी लवकर करा.

कपड्यांबाबत थोडक्यात: ऊन आहे म्हणून छत्री खोलीत ठेवू नका. दक्षिणेकडून दमट वारा आला की ढग समुद्रावर येऊन बसतात, त्या कुंद हवेला इथे ‘माकाया’ म्हणतात. ओल्या फरशीवर गुळगुळीत तळाचे बूट घसरतात.

मुख्य स्टेशनं दोन आहेत, प्रिन्चिपे आणि ब्रिन्योले. जुन्या बंदराला आणि बोळांना प्रिन्चिपे जवळ. तिकिटावर नाव ‘जेनोव्हा’ असं असेल. लोकल गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी यंत्रात छापून घ्या, नाहीतर दंड होतो.

शाकाहारी माणसानं पिझ्झावर दिवस काढणं

हे पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण इथे ‘फारिनाता’ मिळतो. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस! तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत ओततात आणि लाकडाच्या भट्टीत सारतात. धिरड्याच्या जवळचा, पण कडा करकरीत आणि मधे मऊ. गरमच खायचा, वर मिरपूड. मासे किंवा कांदा घालूनही करतात, म्हणून साधा मागा. पेस्तोत, म्हणजे बेसिलच्या हिरव्या चटणीत, चीज असतं आणि ते बहुधा प्राण्यांच्या रेनेटचं (वासराच्या पोटातून काढलेलं, दूध गोठवणारं द्रव्य), त्यामुळे काटेकोर शाकाहारी असाल तर आधी विचारा. ईस्टरच्या ‘पास्क्वालीना’ पालेभाजीच्या पाईत अख्खी अंडी असतात.

आणि सकाळी कॅफेत शेजारचा माणूस खारट फोकाच्चा (तेल लावलेला चपटा पाव) कॅपुचिनोत बुडवताना दिसला तर बघत बसू नका. एक तुकडा घ्या, तेलाची बाजू खाली करून बुडवा.