कॉर्डलेस ड्रिल घेताना या चुका टाळा: आधी बॅटरी बघा, मग मशीन

होळी झाली की जळगाव-भुसावळकडे माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. स्टँडचा बोल्ट गंजलेला असतो, खिडकीला नवा अँगल बसवायचा असतो, नाहीतर पत्र्याला दोन भोकं पाडायची असतात. एवढ्याशा कामाला मिस्त्री येत नाही, आला तरी त्याच्या सवडीने येतो. घरात स्वतःचं ड्रिल हवं असं याच दिवसांत वाटू लागतं. मग दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो, "भाऊ, किती व्होल्टचं मशीन आहे?" खरेदी चुकायला सुरुवात इथूनच होते.

कॉर्डलेस ड्रिलमध्ये पैसे मुख्यतः बॅटरीला आणि चार्जरला जातात. मोटर वर्षानुवर्षं टिकते, बॅटरी मात्र आपल्या उन्हाळ्यात आणि आपल्या सवयींनी मरते. म्हणून निवड करायची ती बॅटरीची. कोणत्या कंपनीची, किती क्षमतेची, आणि ती बॅटरी तीन-चार वर्षांनी इथे मिळेल का, हे आधी ठरवा.

व्होल्टच्या आकड्याला भुलणं

या बॅटऱ्यांच्या आत लिथियम-आयन सेल असतात. एका सेलचा दाब कामाच्या वेळी सरासरी ३.६ व्होल्ट आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टच्या आसपास असतो. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. तीच बॅटरी चार्जरवरून नुकती काढली तर २० ते २१ दाखवते. म्हणजे एका खोक्यावर १८, दुसऱ्यावर '२० मॅक्स' आणि तिसऱ्यावर २१ लिहिलं असलं, तरी आत पाचच सेल आहेत. '१२ मॅक्स' म्हणजेही तीन सेल, खरा हिशोब १०.८ व्होल्टचा.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या मशीनवर ४८, ८८ असे आकडे छापलेले असतात. खऱ्या ४८ व्होल्टसाठी तेरा सेल एका ओळीत लागतात. मुठीत मावणाऱ्या पॅकमध्ये ते बसत नाहीत. तो आकडा बघून पैसे देऊ नका.

बघायचं ते वॉट-अवर. व्होल्टला एएचने (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) गुणा. १८ व्होल्ट आणि २ एएच म्हणजे ३६ वॉट-अवर. १०.८ व्होल्ट आणि २ एएच म्हणजे २१.६. बॅटरीत काम किती साठवलंय ते हा आकडा सांगतो. खोक्यावरचा एएच खरा आहे का, याचा अंदाज वजनावरूनही येतो. १८६५० नावाचा नेहमीचा सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो. १८ व्होल्ट, ४ एएचच्या पॅकमध्ये सहसा असे दहा सेल असतात, म्हणजे साडेचारशे ग्रॅम नुसत्या सेलचेच. ४ एएच म्हणवणारा १८ व्होल्टचा पॅक ३०० ग्रॅमच्याही आत भरला, तर दुकानातच ठेवून या.

भिंत न बघता मशीन निवडणं

आपल्याकडे एकाच गल्लीत तीन तऱ्हेच्या भिंती भेटतात. जुन्या धाब्याच्या घराची माती-विटांची भिंत, साध्या विटांची प्लास्टर केलेली भिंत, आणि नव्या घरांतले आरसीसी कॉलम-बीम. तिघींना मशीन वेगळं लागतं.

मातीच्या भिंतीत हॅमर (फिरता फिरता ठोकेही देणारी सोय) चालू करूच नका. भोक मोठं होतं, माती भुरभुर गळते आणि प्लॅस्टिकची गिट्टी धरत नाही. नुसत्या फिरत्या बिटने (मशीनला लावायच्या भोक पाडणाऱ्या दांडीने) सावकाश खोल भोक करा, त्यात घट्ट लाकडी खुंटी ठोका आणि लांब स्क्रू त्या लाकडात घ्या. याला १२ व्होल्टचं लहान मशीन पुरून उरतं.

विटांच्या भिंतीला १८ व्होल्टचं हॅमर असलेलं ड्रिल चांगलं. ६ आणि ८ मिलिमीटरची भोकं त्यावर सहज पडतात. खोक्यावर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. १२ व्होल्टच्या वर्गात तो तीसच्या आसपास आणि १८ च्या वर्गात पन्नासच्या पुढे असतो. घरकामाला याहून जास्तीच्या मागे लागायची गरज नाही.

खरी फजिती होते ती पडद्याच्या रॉडला. खिडकीच्या बरोबर वर विटा नसतात, आरसीसीचं लिंटेल, म्हणजे आडवी तुळई असते. बिट अर्धा इंच प्लास्टरमधून झरकन जातं आणि मग जागचं हलत नाही. माणसाला वाटतं मशीनच खराब निघालं. तो अंगाचा भार टाकून दाबतो, मोटर तापते, बॅटरी बंद पडते, बिटचं टोक निळं पडून बोथट होतं. मशीनमध्ये दोष काहीच नसतो. साध्या कॉर्डलेसमधलं हॅमर दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून थरथर निर्माण करतं, तिचा मार काँक्रीटला अपुरा पडतो. काँक्रीटला रोटरी हॅमर लागतं. त्याच्या आत हवेच्या दाबाने पिस्टन आपटतो, बिटही एसडीएस म्हणजे खाचांच्या दांड्याचं असतं. त्यामुळे अंगाचा जोर लावावा लागत नाही.

अशी दोन-चारच भोकं असतील तर रोटरी हॅमर विकत घेऊ नका, भाड्याने आणा किंवा इलेक्ट्रिशियनला बोलवा. कॉर्डलेसवरच भागवायचं असेल तर आधी ४ मिलिमीटरचं भोक, मग त्यातच ६ चं, आणि मध्ये मध्ये थांबून बिट गार करा. बिट अचानक करकरून अडलं तर सळई लागली समजा आणि इंचभर बाजूला सरका.

आणि वर्षातून एकदाच, घरातल्या प्लगजवळच भोकं पाडायची असतील, तर कॉर्डलेस घेऊच नका. १३ मिलिमीटर चकचं (बिट धरणाऱ्या जबड्याचं) वायरचं इम्पॅक्ट ड्रिल कमी पैशांत मिळतं, भिंतीला जास्त जोरदार असतं आणि त्याला मरणारी बॅटरीच नाही. कॉर्डलेस शोभतं ते गच्चीवर, शेतातल्या खोलीत, शिडीवर, फर्निचरचे स्क्रू कसताना, आणि लाइट गेलेली असताना.

खानदेशी उन्हात बॅटरी टाकून ठेवणं

कंपन्यांची माहितीपुस्तकं चार्जिंगसाठी वरची मर्यादा साधारण ४० ते ४५ अंश सांगतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा सावलीतच तिथे पोहोचतो. पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या डिकीत, गच्चीवरच्या पेटीत तो त्याच्याही वर जातो. अशा जागी पूर्ण चार्ज करून ठेवलेली बॅटरी न वापरताच क्षमता गमावत जाते. इथे बॅटरी लवकर जाण्याचं मोठं कारण हेच, आणि ते पूर्णपणे आपल्या हातात आहे.

उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री करा. काम संपल्यावर हाताला गरम लागणारी बॅटरी लगेच चार्जरवर चढवू नका, अर्धा-पाऊण तास सावलीत पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये ठेवायची युक्ती कुणी सांगेल, ती ऐकू नका. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं. कूलरच्या ओल्या झोतातही ठेवू नका. पावसाळाभर मशीन लागणार नसेल तर बॅटरी साधारण अर्धी भरलेली, मशीनमधून काढून, घरातल्या थंड कपाटात ठेवा.

'पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये' हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा आहे. लिथियमला तो उलटा बाधतो. मशीन मंदावलं की थांबा आणि चार्जरला लावा.

एकच मोठी बॅटरी घेणं, कुळाचा विचार न करणं

एक ४ एएच घेण्यापेक्षा दोन २ एएच बऱ्या. एक चार्ज होते तोवर दुसरी चालते आणि हातही कमी भरून येतो. खोक्यात बॅटरी-चार्जर आहे का हे मात्र विचारून घ्या. नुसतं मशीन 'बेअर' किंवा 'सोलो' नावाने स्वस्त दिसतं.

एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही. कधी कधी एकाच कंपनीतही बसत नाही. बॉशच्या हिरव्या घरगुती मशीनची १८ व्होल्ट बॅटरी निळ्या प्रोफेशनल मशीनला चालत नाही. पुढे ग्राइंडर, ब्लोअर किंवा फवारणीचा पंप त्याच बॅटरीवर घ्यायचा विचार असेल तर आजच ठरवा. ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर जळगाव-धुळ्यात आहे तिलाच माझं मत. एखादी गोष्ट नाशिक-पुण्याला पाठवावी लागली की ती दुरुस्त होण्याऐवजी कोपऱ्यात पडून राहते.

मशीन चालत नाही? आधी हे बघा

भोक पडतच नसेल तर दिशेचं बटण बघा. स्क्रू काढल्यानंतर मशीन उलटंच राहिलेलं असतं. मग हॅमरचं चिन्ह लागलंय का ते पाहा. टाइल्सवर मात्र हॅमर बंदच हवं, नाहीतर टाइल तडकते.

कटकट आवाज करून चक थांबत असेल तर तो बिघाड नाही, क्लच आहे; ठरलेल्या जोरानंतर तो फिरणं थांबवतो. रिंगवरचे आकडे स्क्रूसाठी असतात. भोक पाडताना रिंग ड्रिलच्या चिन्हावर न्या. लाकडात स्क्रू अर्ध्यात अडकला तर गिअर १ वर आणा, वेग कमी होऊन जोर वाढतो.

कूलरच्या पत्र्याला भिंतीचं बिट लावू नका, एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचं, धातूसाठीचं) बिट लावा. आधी पंचने खूण, वेग कमी, एक थेंब तेल. पत्रा हाताने धरू नका. बिट पलीकडे निघताना तो पकडून फिरवतं आणि तळवा कापतो. गळ्यातला रुमाल आणि सुती हातमोजे काढून ठेवा.

स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायरचा पाइप बहुधा तिथूनच जातो.

चार्जरचा दिवा लुकलुकत राहिला तर बॅटरी गार होऊ द्या आणि खाचेतली धूळ कोरड्या ब्रशने झाडा. कित्येक महिने रिकामी पडलेली बॅटरी चार्जर नाकारतो. दुसऱ्या बॅटरीला वायरी जोडून तिला 'जागं' करायचे व्हिडिओ दिसतात, ते घरात कधीच करू नका. अति उतरलेल्या सेलमध्ये आत शॉर्ट तयार होऊ शकतो आणि तसा सेल पेट घेतो. फुगलेला, पडून तडकलेला किंवा गोडसर वास येणारा पॅक चार्ज करू नका, उघडू नका आणि भंगारात देऊ नका. घराबाहेर, लाकूड-कापसापासून दूर ठेवा आणि विक्रेत्याकडे किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जमा करा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावरच आहे.