टॉर अडकलं? या चुका टाळा

टॉर म्हणजे तुमचा माग लपवून इंटरनेट वापरू देणारं जाळं; ते टॉर ब्राउझरमधून वापरतात. रशियात डिसेंबर 2021 मध्ये टॉर अडवायला सुरुवात झाली, टॉर प्रकल्पाचं संकेतस्थळही बंद केलं गेलं. अशा ठिकाणी नुसतं 'कनेक्ट' दाबलं की पट्टी मध्येच अडकते आणि लोक ब्राउझर काढून पुन्हा टाकत बसतात. त्याने काडीचाही फरक पडत नाही. टॉरच्या रिलेंची, म्हणजे वाटेतल्या सर्व्हरची, यादी जाहीर असते. ती घेऊन सगळे पत्ते बंद करणं सोपं आहे. म्हणून त्या यादीत नसलेला रिले, म्हणजे ब्रिज, लागतो.

सेटिंग्जमधल्या 'कनेक्शन'मध्ये आधी स्नोफ्लेक हा ब्रिजचा प्रकार निवडून बघा. तो स्वयंसेवकांच्या ब्राउझरमधून वाट काढतो, पत्ते सतत बदलतात. वेग कमी मिळतो, ते चालवून घ्या. जमलं नाही तर वेबटनेल, म्हणजे साध्या वेबसाइटच्या वापरासारखा दिसणारा ब्रिज. ब्रिज टाकूनही अडकतंय? मशीनची तारीख, वेळ आणि टाइम झोन तपासा. घड्याळ चुकलं की टॉर जोडलं जात नाही, आणि तिकडे कुणी बघतच नाही.

संकेतस्थळ बंद आहे म्हणून मिळेल तिथून ब्राउझर उतरवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 2022 मध्ये एका चिनी यूट्यूब चॅनेलवरच्या लिंकमधून भेसळ केलेला टॉर ब्राउझर पसरल्याचं कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने उघड केलं. भेट दिलेली पानं, फॉर्ममध्ये भरलेली माहिती, सगळं तो साठवत होता. गेटटॉर ही प्रकल्पाची ईमेल सेवा आहे, तिथून लिंक मागवा आणि फाइलची डिजिटल सही पडताळा.

आता जोडलं गेलात, तरी अदृश्य झाला नाहीत. 2013 मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळायला टॉरवरून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर कुणी फोडलं नाही. त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवरून टॉर कोण वापरत होतं, एवढंच पाहिलं गेलं. चौकशीत त्याने कबुली दिली. ब्रिज असता तर हे शोधणं अवघड गेलं असतं. ब्रिज टॉरचा वापर झाकायला मदत करतो, पण तुम्ही स्वतःच्या नावाच्या खात्यात लॉगिन केलंत तर तोही काय करणार?

उतरवलेली वर्ड फाइल ऑनलाइन असताना उघडू नका; आतलं एखादं चित्र टॉरला वगळून थेट मागवलं जातं आणि खरा आयपी पत्ता बाहेर पडतो. टॉरेंटचंही तेच. जादा एक्स्टेन्शन नकोत.

चालणारा ब्रिज मिळाला की तो मोठ्या ग्रुपवर टाकू नका. बंदी घालणारेही त्या ग्रुपमध्ये असतात. टेलिग्रामवरच्या प्रकल्पाच्या बॉटकडून प्रत्येकाने आपापला मागावा, आणि एक जास्तीचा आधीच मागून लिहून ठेवावा.