जुना पीसी, गोव्याची हवा: कुठला पार्ट आधी बदलायचा

पीसी स्लो झाला की सगळ्यांना पहिला संशय प्रोसेसरचा येतो, आणि बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. आधी रोजची कामं उघडा, क्रोमचे पंधरा टॅब, एक्सेल, पोरांचा गेम, जे काय असेल ते, आणि मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर बघा. डिस्क सारखी १०० टक्क्यांवर का? मेमरी (म्हणजे रॅम) ९० च्या वर का? जे भरलंय तेच बदलायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही.

विंडोज अजून हार्डडिस्कवर असेल तर मग विचारच करू नका, एसएसडी (चकती नसलेली, चिपवाली डिस्क) घ्या. साधी साटा (हार्डडिस्कसारखीच केबलने लागणारी) एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, घरातली जुनी हार्डडिस्क १००-१५० वर दमते आणि बारीक बारीक फायली आल्या की पार झोपते. एनव्हीएमई ही एसएसडीच, पण याहून फास्ट, फक्त मदरबोर्डावर एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) आहे का, आणि असला तर तो साटावाला की एनव्हीएमईवाला हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या, दिसायला दोन्ही सारखेच असतात. दहा-बारा वर्षांचा बोर्ड असेल तर गुपचूप २.५ इंची साटा घ्या, कारण त्यातले बरेच बोर्ड एनव्हीएमईवरून बूटच (सुरूच) होत नाहीत.

रॅमचं सोपं आहे. सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात रॅम कुठल्या पिढीची, डीडीआर३ की डीडीआर४ ते कळतं, खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एकाची रॅम दुसऱ्यात बसतच नाही. ८ जीबीची एक स्टिक असेल तर तशीच दुसरी घ्या, ड्युअल चॅनल मिळतं, म्हणजे दोन्ही स्टिक एकदम काम करतात. फक्त २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जे चढलेत (एआयवाल्या डेटा सेंटरांनी माल उचलला ना), त्यामुळे गरज असेल तरच घ्या.

आणि हो, पावसात पीसी चालू न होता नुसता बीप बीप करतो, तेव्हा लगेच नवी रॅम आणायला धावू नका. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, त्यात किनाऱ्याकडे खारी हवा, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर बसतो आणि कॉन्टॅक्ट जातो. प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, केसच्या पत्र्याला हात लावा, मग क्लिपा उघडून स्टिक बाहेर. पांढऱ्या खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने पुसा, स्लॉटपासून लांब, नाहीतर भुसा आत जातो. परत बसवताना क्लिपचा टक आवाज येईपर्यंत दाबा. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं. तारीख सारखी मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला, घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो. आणि चार महिने पीसी पडून ठेवू नका, पावसात रोज अर्धा तास तरी चालू करा, आतल्या गरमीने दमटपणा निघून जातो.

आता माझा आवडता विषय, एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. लोक ग्राफिक्स कार्डावर वीस हजार घालतात आणि एसएमपीएस केसबरोबर फुकट आलेला! त्याच्यावरचा स्टिकर वाचा. मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असतं, ते सोडा, +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर ते बघा. १५ असेल तर १२ गुणिले १५, म्हणजे १८० वॅट, प्रोसेसर आणि कार्ड दोघांनी मिळून एवढ्यातच भागवायचं. ८० प्लसवाला (वीज कमी वाया घालवण्याचं सर्टिफिकेट असलेला) ओळखीच्या कंपनीचा घ्या, पाच वर्षांची वॉरंटी असलेला. सेकंडहँड तर बिलकुल नको. एकच अडचण, डेल-एचपीच्या ऑफिसवाल्या छोट्या डेस्कटॉपमध्ये कनेक्टर बऱ्याचदा वेगळे असतात, तिथे साधा एसएमपीएस बसत नाही, अशा डब्यात कार्ड टाकायचं तर स्लॉटवरच्या ७५ वॅटवर चालणारं, लो-प्रोफाइल (कमी उंचीचं).

यूपीएस पण याच खर्चात धरा. गावात लाइट येते-जाते, आली की व्होल्टेज नाचतं, सत्तरी-पेडणेवाल्यांना वेगळं सांगायला नको. ६०० व्हीएचा पुरतो, तो काम सेव्ह करून बंद करण्यापुरताच असतो, बॅकअपवर गेम खेळायला नाही. बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत बसते, तेव्हा आख्खा यूपीएस टाकू नका, आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी बदला. मिरगाच्या आधी गडगडायला लागलं की मात्र प्लगच काढायचा, राउटरचा आणि लॅनची वायर पण.

प्रोसेसर शेवटी. एएमडीचा एएम४ सॉकेटवाला (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्ड असेल तर नशीब, बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून जुन्या रायझन प्रोसेसरच्या जागी ५००० सिरीजचा बसू शकतो, बोर्डाच्या सपोर्ट लिस्टमध्ये नाव आहे का तेवढं बघा. इंटेलमध्ये सॉकेटचा आकडा बघून फसू नका, एलजीए ११५१ सहाव्या-सातव्या जनरेशनचाही आणि आठव्या-नवव्याचाही, पण एकाच्या बोर्डावर दुसऱ्याचा चालत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला आठव्या जनरेशनपासून पुढचा इंटेल लागतो, म्हणून चौथ्या जनरेशनच्या बोर्डासाठी शोधून शोधून आय७ घेण्यात अर्थ नाही. तिथे एसएसडी टाका, लिनक्स टाका, नाहीतर पैसे साठवून बोर्ड-प्रोसेसर-रॅम एकदमच घ्या.

खरेदी पणजी, मडगाव, म्हापसा कुठेही करा, चोर्ला घाटातून बेळगावला गेलात तरी हरकत नाही, पण त्या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर गोव्यात आहे का ते आधी विचारा, नाहीतर वॉरंटीत पार्ट पाठवायचा कुरिअर खर्च तुमच्याच बोकांडी. सीलबंद बॉक्स घ्या, बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि बिलाचा फोटो लगेच काढा, थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात. चवथीच्या ऑफरसाठी थांबायचं तर मॉनिटर-कीबोर्डसाठी थांबा. मरायला टेकलेली हार्डडिस्क असेल तर थांबू नका, क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) पिवळं दाखवत असेल तर आजच फोटो दुसरीकडे कॉपी करा.