फक्त कमाल-किमान तापमानावरून पाण्याचा हिशेब

पिकाला किंवा लॉनला रोज किती पाणी लागतं हे काढायला ऊन, वारा, आर्द्रता, तापमान अशी सगळी मोजमापं हाताशी असतील, तर पेनमन-माँटीथ सूत्रच वापरा. नसतील, तर हारग्रीव्ह्ज-सामानी (१९८५) कामाला येतं:

संदर्भ बाष्पोत्सर्जन (मिमी/दिवस) = ०.००२३ × सौर ऊर्जा × (सरासरी तापमान + १७.८) × √(कमाल − किमान)

संदर्भ बाष्पोत्सर्जन म्हणजे भरपूर पाणी मिळणाऱ्या आखूड गवताच्या पानांतून आणि त्याखालच्या मातीतून उडून जाणारं पाणी. सरासरी म्हणजे कमाल आणि किमान यांची बेरीज भागिले २. सौर ऊर्जा मात्र वातावरणाच्या माथ्यावर पोचणारी. ती अक्षांश आणि महिन्यानुसार तक्त्यात मिळते. तिथे आकडा मेगाज्यूलमध्ये असतो, मिमीत आणायला त्याला ०.४०८ ने गुणायचं. हे राहिलं की उत्तर जवळजवळ अडीचपट फुगतं. जमिनीवर मोजलेलं ऊन इथे घालू नका. आभाळ भरलं की दुपार तापत नाही, रात्र निवत नाही. म्हणजे ढगांचा हिशेब कमाल-किमानच्या फरकातच आलेला असतो. मोजलेलं ऊन घातलं, तर ढग दोनदा वजा होतात.

समजा, २० अंश उत्तर अक्षांश, एप्रिलचा मध्य, कमाल ३८, किमान २२. तक्त्यातले ३७.९ मेगाज्यूल म्हणजे १५.५ मिमी. ०.००२३ × १५.५ × ४७.८ × ४ = ६.८ मिमी.

याला पीक गुणांकाने गुणा, म्हणजे त्या संदर्भ गवताच्या तुलनेत तुमचं पीक किती पट पाणी घेतं त्या आकड्याने. हरळीसारख्या उष्ण हंगामी गवताचा ०.८५, थंड हंगामी गवताचा ०.९५; गहू आणि टोमॅटो भरात असताना १.१५. कोवळ्या पिकाला भरातला गुणांक लावणं ही नेहमीची चूक. पाणी वाया जातं.

हरळीला ५.८ मिमी. १ मिमी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, म्हणून १०० चौरस मीटर लॉनला ५८० लिटर. तुषार संचाची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर सोडायचे सुमारे ७७० लिटर. मुरलेला पाऊस कार्यक्षमतेने भागण्याआधी वजा करा.

एकेका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका. निदान ५ दिवसांची सरासरी घ्या, आठवड्याची असेल तर उत्तम. सूत्राला वारा आणि आर्द्रता दिसत नाही, त्यामुळे कोरड्या वाऱ्यात उत्तर कमी पडतं आणि दमट हवेत जास्त येतं.

तापमापक सावलीत, हवेशीर जागी, दीड-दोन मीटर उंचीवर हवा. भिंतीला टांगलात तर दिवसभर तापलेली भिंत रात्री किमान चढवते: वरच्या उदाहरणात २२ ऐवजी २५ नोंदलं गेलं, की ६.८ चे ६.३ होतात.