महिन्याच्या वहीत कोरी पानं सोडा

मी हातबांधणीच्या वह्या बनवते आणि त्यांचं इन्स्टाग्रामही मीच सांभाळते. साहजिकच माझं महिन्याचं नियोजन कागदावर असतं. तेही पेन्सिलीनं, कारण निम्मं खोडावं लागतं.

आठवड्याला तीन पोस्ट, म्हणजे महिन्याला साधारण बारा. त्यांतल्या आठच मी आधी ठरवते. प्रत्येक शनिवारची चौकट कोरी ठेवते. सुरुवातीला बाराच्या बारा भरायचे आणि वर स्वतःवर खूश असायचे. मग एकदा महिनाभराच्या पोस्ट शेड्यूल करून प्रवासाला गेले. मध्येच एका मोठ्या दुर्घटनेची बातमी आली. सगळे सुन्न, आणि माझ्या अकाउंटवर ठरल्या वेळी नाचणारी वही, खाली ‘आज आनंदाला पारावार नाही!’. दोन तासांनी एका ग्राहकबाईंनी मेसेज करून कळवलं, तोवर व्हायची ती शोभा झाली होती. इन्स्टाग्राम ७५ दिवस पुढचं शेड्यूल करू देतं. मी सात दिवसांच्या पलीकडे जात नाही. ठरवायचं महिन्याचं, लावायचं आठवड्याचं. मी फोनपासून लांब असले तर रांगेतलं सगळं थांबवायचं काम बहिणीकडे असतं, त्यासाठी तिच्याकडेही लॉगिन आहे.

ठरलेल्या आठ पोस्टसाठी डोकं खाजवत बसू नका, ग्राहकांचे मेसेज उघडा. शाई मागच्या पानावर का उमटते? वही सपाट का उघडत नाही? जीएसएम म्हणजे काय? (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; झेरॉक्सचा नेहमीचा कागद ७०-८० चा.) प्रश्न ज्या शब्दांत आला त्याच शब्दांत मी उतरवून ठेवते, माझे शब्द घातले की तो पाठ्यपुस्तकातला वाटायला लागतो. आठांपैकी दोनच तारखेला खिळलेल्या: नवी वही कधी येणार आणि ऑर्डर घेणं कधी बंद होणार. त्यांच्याभोवती गोल करते. उरलेल्या सहा कुठेही सरकवता येतात.

ही सरकवायची सोय फार कामाला येते. एका मंगळवारी कटरखाली गठ्ठा हलला आणि ४० वह्या तिरक्या कापल्या गेल्या. त्या दिवशी जीएसएमची पोस्ट जायची होती. मी वैतागून त्या वाकड्या गठ्ठ्याचा २० सेकंदांचा व्हिडिओ काढला. संगीत नाही, काही नाही, मागे माझंच पुटपुटणं. संध्याकाळपर्यंत ‘तिरकी वही विकत मिळेल का’ असं विचारणाऱ्यांना उत्तरं देऊन बोटं दुखली. जीएसएम पुढच्या मंगळवारी गेलं. त्याची वाट पाहत कोणी बसलं नव्हतं.

पण गठ्ठा दर आठवड्याला थोडाच हलतो! म्हणून प्रत्येक कोऱ्या शनिवारमागे एक राखीव पोस्ट तयार असते. दुपारी १२ पर्यंत हाती काही लागलं नाही, तर राखीव मैदानात. शिवाय फोनमध्ये ‘उचललेलं’ नावाचा एक अल्बम आहे. सुताचा गुंता, पुठ्ठ्यावर पडलेलं ऊन, ग्राहकाला सुचलेला वहीचा भलताच उपयोग, जे दिसेल ते त्यात टाकते. बहुतेक टाकाऊ असतं.

हजरजबाबीपणासाठी हमखास ओरिओ बिस्किटांचं उदाहरण दिलं जातं. ३ फेब्रुवारी २०१३ ला सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, दिवे गेले, खेळ अर्ध्या तासाहून जास्त थांबला आणि ओरिओनं ‘अंधारातही (बिस्किट दुधात) बुडवता येतं’ अशा अर्थाचं ट्वीट केलं. ते उत्स्फूर्त होतंच. पण लिहिणारे, चित्र करणारे आणि ‘हो’ म्हणणारे त्या रात्री मुद्दाम तयारीत बसलेले होते, हे सांगायचं राहून जातं. माझ्याकडे माणसं नाहीत, म्हणून मी अक्षराचा एक ठसा (फॉन्ट) आणि दोन पार्श्वभूमी कायमच्या ठरवून टाकल्यात. ऐन वेळी फक्त मजकूर घालायचा.

ट्रेंडच्या मागे धावायचं असेल तर आधी गाणं तपासा. बिझनेस अकाउंटला सगळी गाणी मिळत नाहीत. मी एकदा अख्खी दुपार चित्रीकरणात घालवून मग हे शोधून काढलं. फोटोत किंवा व्हिडिओत दुसरं माणूस असेल तर त्याला विचारूनच टाका. आणि ग्राहकावर चिडून सुचलेली पोस्ट कितीही झकास असो, सकाळपर्यंत ठेवा. माझ्या अशा पाचांपैकी एकही सकाळी टाकावीशी वाटली नाही.

राखीव पोस्टची प्रत गॅलरीत जरूर ठेवा. इन्स्टाग्रामचे ड्राफ्ट त्या फोनपुरतेच असतात आणि ॲप काढून टाकलं की तेही जातात. शिलाईचा एक सुंदर व्हिडिओ मी तीन महिने राखीव म्हणून जपला होता. फोनमध्ये जागा करायला ॲप काढलं, आणि परत टाकलं तेव्हा तो गेलेला होता. गॅलरीत प्रत नव्हती.